वाढत्या अंगाचे गणवेश

आमचं कापडाचं दुकान नारायणगावच्या पेठेत आहे. पणजोबा राजस्थानातून पाठीवर गाठोडं घेऊन आले, इथं टेकले, आणि ते गाठोडं सोडून जे मांडलं ते हे दुकान. घरात आम्ही मारवाडी बोलतो, दुकानात मराठी. राग मात्र मला मराठीतच येतो, आणि तो दिवसातून बऱ्याचदा येत असल्यामुळं माझं मराठी चांगलं राहिलं आहे.

आमचं वर्ष जून महिन्यावर चालतं. शाळा उघडायच्या आधी गणवेशाला गर्दी होते. बाप पोराला काउंटरपाशी ढकलतो आणि म्हणतो, "शेठ, वाढतं अंग हाय, जरा मोठंच द्या." हे वाक्य मी देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं आहे. आमच्या जुन्नर-आंबेगावात मापाचा गणवेश घातलेलं पोर मी अजून पाहिलेलं नाही. पहिलीतल्या पोराला तिसरीचा गणवेश घ्यायचा, बाह्या दुमडायच्या, चड्डी करगोट्यात खोचायची, आणि तो अंगाला बसायच्या बेताला येतो तोवर पार विरून गेलेला असतो. मग पुन्हा नवा, पुन्हा मोठा. माझं स्वतःचं बालपण असंच ढगळ गेलं, तेही कापडाच्या दुकानात. मी तक्रार केली की वडील म्हणायचे, दुकान आपलं असलं म्हणून अंग वाढायचं थांबतं का?

तर काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जवळच्या एका शाळेनं एकाएकी गणवेश बदलला. इतकी वर्षं बॉटल ग्रीन होता, तो चौकडीचा केला. चौकडी इंटरनॅशनल दिसते असं त्यांच्या मुख्याध्यापकांचं म्हणणं पडलं. माझ्याकडं बॉटल ग्रीन टेरीकॉटचे तागेच्या तागे पडून राहिले. बायकोनं त्यातून फ्रिजचं कव्हर केलं, माझ्या स्कूटरचं केलं, मिक्सरचं केलं, गाद्यांचे अभ्रे केले. घरात शिरलं की झेंडूच्या वाफ्यात फुलं येण्याआधी उभं राहिल्यासारखं वाटायचं. तरी तागे संपेनात.

त्याच सुमारास माझा शाळेपासूनचा मित्र दुकानात आला. हा पिंपळवंडीचा शेतकरी. कांदा करतो, टोमॅटो करतो, आणि पॉलिहाउसमध्ये गुलाब करतो. दरवर्षी चातुर्मासात आमच्या घरी कांद्याचं पोतं आणून टाकतो, आम्ही चातुर्मासात कांदा खात नाही हे पक्कं माहीत असून. त्याची लेक गुलाबातच वाढली, शेतकीची पदवी घेतली आणि केनियात एका फुलांच्या मोठ्या फार्मवर नोकरीला लागली. मित्र केनियाचं नाव असं घेतो की ऐकणाऱ्याला वाटावं, आळेफाट्याहून एसटी मिळत असेल.

तो गादीवर टेकला आणि लेकीनं फोनवर काय सांगितलं ते सांगू लागला. फार्मवर काम करणाऱ्या बायकांची वस्ती आहे. पत्र्याच्या खोल्या, हातावर पोट. वस्तीला लागून एक छोटी शाळा आहे. लेक सुटीच्या दिवशी तिथं पोरांना शिकवायला जाते. पण त्या शाळेचा नियम असा की गणवेश नसेल तर पोराला आत घ्यायचं नाही. तिसरीपर्यंत शिकलेली नऊ वर्षांची एक मुलगी तर, जुना गणवेश फाटला म्हणून, रोज फाटकापर्यंत यायची, गजाला धरून आतली प्रार्थना ऐकायची आणि परत जायची. तिची आई गुलाबांच्या जुड्या बांधायच्या कामावर. घरात रांगणारी धाकटी बहीण. जानेवारीत तिकडं नवीन वर्ष सुरू होतं. तेव्हा ही मुलगी शाळेत गेली तर गेली, नाहीतर आई तिला धाकटीला सांभाळायला कायमची घरी बसवणार आणि जरा मोठी झाली की जुड्या बांधायला नेणार. मित्राच्या हे जिवाला लागलं होतं. त्याला एकच लेक आहे, आणि तिला शिकवायला त्यानं भावकीशी भांडणं केली होती.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण कापडवाल्याच्या तोंडून पहिला प्रश्न जो निघायचा तोच निघाला. मी विचारलं, तिथल्या गणवेशाचा रंग कोणता?

मित्र म्हणाला, बॉटल ग्रीन.

त्या क्षणी माझ्यात जी उदारता संचारली ती पाहून बायको आतून बाहेर आली. मी जाहीर केलं की वस्तीतल्या जेवढ्या पोरांना गणवेश नाही तेवढ्या सगळ्यांचं कापड माझ्यातर्फे. मित्राला हे सहन झालं नाही. तो म्हणाला, मग शिलाई माझी. आता राहिला शिवणारा. तो आमच्या ओट्यावरच बसलेला होता आणि त्याला कुणी विचारण्याची वाट न पाहता म्हणाला की बटणं आणि दोरा त्याच्याकडून.

हा शिंपी, म्हणजे आमचे मास्तर. मी दुकानात बसायला लागलो त्याच्या आधीपासून त्यांचं मशीन आमच्या ओट्यावर आहे. येडगावला राहतात, सायकलवर येतात. दुसऱ्या कुठल्याही शिंप्यानं शिवलेल्या कपड्याकडं ते पाहत नाहीत, आणि पाहिलंच तर तोंड वाकडं करून पाहतात. नारायणगावात कॉलर त्यांच्याशिवाय कुणाला बसवता येत नाही, असं ते गिऱ्हाइकाला स्वतःच सांगतात. संध्याकाळी चारलाच मशीनवर कापड टाकून निघायची तयारी करतात, कारण येडगावच्या वाटेला ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. उशिरा मिळालेल्या प्रत्येक कपड्याचं खापर आजवर त्या बिबट्यावर फुटलेलं आहे. इतकी कामं बिघडवणारा दुसरा प्राणी तालुक्यात नसेल.

मापं फोनवर आली. लेकीनं तिथं पोरांची मापं घेतली आणि बापाला सांगितली. बापानं मला येऊन सांगितली. मी मास्तरांना सांगितली. सांगताना मी प्रत्येक मापात दोन इंच वाढवले. यात लपवण्यासारखं काही नाही. वाढत्या अंगाचं पोर आहे, परदेशात आहे, तिथं पुन्हा कोण कापड द्यायला बसलंय, असा विचार केला आणि वाढवले. आजही मला त्यात काही चुकलं असं वाटत नाही. मुलींना बिनबाह्यांचा गुडघ्यापर्यंतचा झगा आणि आत पांढरा शर्ट, पोरांना हाफ पँट. त्या फाटकातल्या मुलीचा झगा मास्तरांनी सगळ्यात आधी बेतला.

मित्रानं तोवर पिंपळवंडीच्या स्टँडवर फ्लेक्स लावून टाकला. वर मोठ्या अक्षरांत सातासमुद्रापार ज्ञानगंगा असं काहीतरी, आणि खाली आम्हा तिघांचे फोटो. अजून एकही बटण लागलं नव्हतं. मास्तरांचा फोटो टोपीशिवाय छापला म्हणून ते मित्राशी दोन दिवस बोलले नाहीत, आणि त्या दोन दिवसांत त्यांनी काजंही केली नाहीत. शेवटी फ्लेक्सवर टोपीचा कागद चिकटवला तेव्हा काम पुढं सरकलं.

डिसेंबरात लेक चुलतभावाच्या लग्नाला आली होती, ती परत जाताना गणवेश नेणार होती. मास्तरांनी ते आदल्या दिवशी दिले, बिबट्याचं कारण सांगून. इस्त्री करून, घड्या घालून, दोऱ्यानं बांधून. मित्राच्या टोमॅटो मोजायच्या काट्यावर बॅगा ठेवल्या तर वजन भलतंच भरलं. मित्राची बायको रडकुंडीला आली. तिनं आधी काळा मसाला काढला, मग सांडगे, शेवटी लेकीला आवडतात ते उडदाचे पापडही काढले. एवढ्याशा पोरांचे कपडे इतके जड कसे, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मित्र फोन हातात धरून दुकानात शिरला. व्हिडिओ कॉल चालू होता. इकडं दिवे लागायची वेळ झाली होती, तिकडं अजून लख्ख ऊन होतं. गणवेश कसे बसले ते ऐकायला मास्तरही त्या दिवशी चारनंतर थांबले होते. पडद्यावर लेकीचा चेहरा, आणि तो रडवेला.

"काका, तुम्हीच बघा," ती म्हणाली आणि तिनं फोन फिरवला.

पत्र्याच्या खोलीपुढं ती मुलगी उभी होती. मी तिला पहिल्यांदा पाहत होतो. झग्याची खालची कड जमिनीला लागत होती. गळा एका खांद्यावरून घसरला होता. शर्टाच्या बाह्यांत तिचे हात कुठं संपतात ते कळत नव्हतं. दोन्ही बाजूंनी झगा मुठींत धरून तिनं वर उचलला होता, म्हणजे निदान पाय तरी दिसावेत. ती हसत नव्हती. आमच्या लेकीच्या तोंडाकडं बघत होती, आता हे लोक काय म्हणतात म्हणून.

मी मास्तरांवर ओरडलो. मास्तर म्हणाले, मापाबरहुकूम शिवलंय. मी म्हणालो, त्या मापात दोन माणसं बसतील. मग दुकानात चौकशी सुरू झाली.

मित्र जरा घुटमळला आणि म्हणाला, "म्या दोन-दोन इंच जास्तीचं सांगितलं व्हतं. वाढतं अंग हाय म्हणून." मी म्हणालो, अरे, मी वाढवले ते मग कशावर? फोनमधून लेकीचा बारीक आवाज आला. मापं घेताना तिनंही थोडी सूट धरली होती, तिला वाटलं इकडं सगळे मापाला माप शिवतील. आतून बायको म्हणाली की तिनं मास्तरांना बाजूला बोलावून सांगितलं होतं, शेठ हात आखडता घेतील, तुम्ही जरा सढळ बेता. सगळे मास्तरांकडं बघायला लागले.

"म्या काय बी वाढवलं न्हाई," मास्तर म्हणाले. "नेहमी वाढवतो तेवढंच वाढवलं."

लेकीनं कपाळावर हात मारला. तिच्या मागं वस्तीतल्या बायका जमल्या होत्या. काय चाललंय ते तिनं त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं, तशा त्या एकमेकींच्या अंगावर पडून हसू लागल्या. मग एक बाई पुढं आली आणि तिनं हातानं दाखवलं. मापं घेताना या आया टेपच्या खाली आपला पंजा घालून उभ्या होत्या. लेकीला दिसू न देता. मी ते पाहिलं आणि केनिया मला एकदम ओळखीचा वाटायला लागला.

पण हसण्याची वेळ नव्हती. सकाळी शाळा उघडणार होती. मुख्याध्यापिका कडक होत्या. असल्या अवतारात मुलगी गेली तर पुन्हा फाटकातूनच परत यायची. लेकीनं ठरवलं की खालचं सगळं जास्तीचं कापून टाकायचं आणि कशीबशी टीप मारायची. तिनं कात्री उचललेली पडद्यावर दिसली, तशी मास्तरांनी मित्राच्या हातातला फोन हिसकावला. तीस वर्षांत मी त्यांना मशीन चालू ठेवून उठलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"पोरी, कात्री खाली ठेव," ते म्हणाले. "कापलं की संपलं. दुमड घाल. एकावर एक चार दुमडी घाल. दरवर्सी एक उसवायची."

लेक म्हणाली, तिला शिवता येत नाही. मास्तर म्हणाले, त्या मुलीच्या आईला येत असंल. आणि आईला येत होतं. मग जे चाललं ते सांगायला हवं. मास्तर येडगावच्या मराठीत सांगणार, लेक ते तिकडच्या भाषेत सांगणार, आई सुईदोऱ्यानं दुमड घालणार, आणि मास्तर माझा चष्मा लावून पडद्याला नाक लावून म्हणणार, टाका लांब पडला, उसव. बाकीच्या आया तिचं बघून आपापल्या पोरांच्या कपड्यांना दुमडी घालत होत्या. त्या बाईनं दिवसभर गुलाब बांधलेले होते, आणि हे इथून तिला उसव म्हणत होते. तीही खमकी. एकदा तिनं नुसतीच मान हलवली आणि तोच टाका ठेवला. मास्तर चरफडले, पण दिवे लागून बराच वेळ झाला तरी हलले नाहीत. बिबट्याचं नावही काढलं नाही. शेवटी मीच त्यांना बॉटल ग्रीन कव्हर काढून स्कूटरवरून येडगावला सोडलं. उसातून जाताना दोघांनीही मोठमोठ्यानं आरती म्हटली, कारण बिबट्याला आवाज चालत नाही असं ऐकलं होतं. त्यांना त्यांची येत होती, मला आमची, त्यामुळं दोन वेगवेगळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. मुलगी शाळेत गेली होती. दुमडींमुळं झग्याची खालची कड एवढी जाड झाली होती की चालताना ती गुडघ्यांवर आपटत होती. मुख्याध्यापिकांनी तिला फाटकात थांबवलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसत सुटल्या. मग म्हणाल्या, हा झगा हिच्या अंगाला बसेपर्यंत हिला इथंच राहावं लागणार. आणि बाजूला झाल्या.

तेव्हापासून दरवर्षी जानेवारीत एक फोटो यायला लागला. ती मुलगी शाळेच्या भिंतीपुढं उभी, आणि एक दुमड उसवलेली. टेरीकॉट मरत नाही, पण उन्हानं आणि धुण्यानं फिकं होतं. दुमडीच्या आतलं कापड मात्र नव्यासारखं गडद राहायचं. त्यामुळं झग्याच्या खालच्या बाजूला गडद पट्टा दिसायचा, पुढच्या वर्षी तो जरा फिका व्हायचा आणि त्याच्याखाली नवा गडद पट्टा यायचा. बायको विचारायची, पोरीची तब्येत कशी आहे? मित्र विचारायचा, कितवीत गेली? मास्तर माझा चष्मा मागून घ्यायचे, फोटो मोठा करून फक्त खालची कड बघायचे आणि म्हणायचे, तिरकी आलीया. पोरीचा चेहरा त्यांनी पाहिला की नाही मला शंका आहे.

मग एका जानेवारीत फोटो आला नाही.

मी विचारलं नाही. मित्र रोज बाजाराला यायचा, पण दुकानात चढायचा नाही, रस्त्यावरूनच कांद्याचा भाव सांगून जायचा. मी त्याला न विचारलेली कापडाची दरवाढ ऐकवायचो. फेब्रुवारी लागला. मी गिऱ्हाइकांवर नेहमीपेक्षा जास्त ओरडायला लागलो. एकाला तर नुसता रुमाल मागितला म्हणून घालवून दिलं. शेवटी बायकोनंच मित्राला हाक मारून ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि सरळ विचारलं.

मुलगी घरी बसली होती. आईला आणखी एक बाळ झालं होतं. कामावर रात्रीची पाळी आली होती, ती सोडली तर काम जाणार. रात्री बाळाला कोण बघणार, आणि दिवसा आई झोपली की कोण बघणार? म्हणून थोरलीला ठेवलं घरी. लेकीनं समजावून पाहिलं, पण आई ऐकेना.

मास्तरांचं मशीन थांबलं. "दुमडी किती ऱ्हायल्यात?" त्यांनी विचारलं.

मला भयंकर संताप आला. पोरीचं आयुष्य चाललंय आणि या माणसाला दुमडींची पडली आहे. मित्र म्हणाला, दोन असतील. मास्तर म्हणाले, फोन लाव.

लेकीनं फोन त्या आईच्या हातात दिला. आधी मीच बोललो. बोललो म्हणजे ओरडलो, अर्थातच मराठीत. तीही गप्प बसणारी नव्हती. मांडीवर बाळ घेऊन तिनं तिच्या भाषेत मला सुनावलं. एकमेकांचा एक शब्द न कळता आमचं चांगलं जुंपलं. मला एवढंच समजलं की, बाबा, तू दुकानात बसून काय सांगतोस, रात्री माझं बाळ बघायला येतोस का? मी फोन खाली केला. वस्तीतल्या त्या खोलीत मागं खुंटीवर तो झगा लटकलेला दिसत होता, धुऊन, नीट घडी मोडू न देता अडकवलेला.

मास्तरांनी फोन घेतला. त्यांनी शांतपणे लेकीला सांगितलं, तिला विचार, तो झगा कुणासाठी ठेवलाय. आईनं सांगितलं, धाकटीसाठी. आता ती मोठी होतेय, तिला होईल.

"अगं, पण थोरलीचा अजून झाला कुठं?" मास्तर म्हणाले. "दोन दुमडी तशाच हायेत. थोरलीच्या अंगावरनं उतरल्याबिगर धाकटीला देत्यात व्हय कपडा?"

लेकीनं ते सांगितलं. आई ऐकून घेऊन उठली, बाळ काखेत घेतलं, खुंटीवरचा झगा काढला आणि खालची कड बोटांनी चाचपून बघितली. ती दुमड तिनंच घातलेली होती, येडगावच्या मास्तरांच्या शिव्या खात. मग तिनं थोरलीला हाक मारली आणि झगा तिच्या अंगाला लावला. दोन दुमडींचं चांगलं कापड अजून आत होतं. आमच्याकडच्या कुठल्याही आईच्या तोंडावर जे आलं असतं तेच तिच्या तोंडावर आलं. असलं धडधाकट कापड वाया कसं घालवायचं? शिक्षणाचं महत्त्व लेकीनं तिला महिनाभर समजावलं होतं, मी ओरडून सांगितलं होतं, त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

पुढचं लेकीनं जमवलं. शेजारच्या खोलीतली एक म्हातारी रात्री आणि शाळेच्या वेळातही बाळाला घ्यायला तयार झाली, म्हणजे आईला दिवसा झोप मिळाली आणि थोरली मोकळी झाली. पुढच्या सत्राला फोटो आला. तिसरा गडद पट्टा. मास्तरांनी चष्मा मागितला आणि म्हणाले, यंदा सरळ आलीया. मी त्यांना चहा सांगितला, जो मी कुणाला सांगत नाही.

शेवटची दुमड उसवली त्या वर्षी ती मुलगी आठवीत होती, म्हणजे तिकडच्या प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षात. त्या फोटोत झगा तिच्या अंगाला बसला होता. खांदे खांद्यावर, कंबर कमरेवर, कड बरोबर गुडघ्याशी. मापाचा गणवेश घातलेलं शाळेतलं पोर मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते पाहायला मला केनियाचा फोटो बघावा लागला. परीक्षा झाली, मुलगी पास झाली, आणि तिला मोठ्या शाळेत जागा मिळाली.

मोठ्या शाळेचा रंग राखाडी निघाला. माझ्याकडं राखाडी नव्हतं. या वेळी कापड मलाच विकत आणावं लागलं, पण मी तोंडातून ब्र काढला नाही. लेकीनं मापं थेट मास्तरांना सांगितली, मधे बाप नको, काका नको, काकू नको, आणि वर दम दिला की मापाला माप शिवायचं, मुलगी आता फार वाढायची नाही. मास्तर हो म्हणाले. काय केलं ते त्यांनाच ठाऊक. पार्सलचं वजन मला जरा जास्तच वाटलं.

या जानेवारीत फोटो आला तेव्हा मित्र, मी आणि बायको काउंटरवर डोकी एकत्र करून उभे होतो. फोटोत दोघी होत्या. थोरली राखाडी गणवेशात, बाह्या एकदा दुमडलेल्या. आणि तिच्या शेजारी, तिचा हात धरून, धाकटी. पहिल्या वेळी रांगत होती ती. तिच्या अंगावर आमचा बॉटल ग्रीन झगा होता, पट्ट्यापट्ट्यांचा, फिका, कमरेशी एक ठिगळ. चारही दुमडी परत वर घातलेल्या. कड एवढी जाड की पोरगी पाय फाकवून उभी होती. मागं शाळेचं फाटक होतं आणि त्या दोघी फाटकाच्या आत होत्या.

मास्तरांनी ओट्यावरून हात पुढं केला. मी चष्मा दिला, फोन दिला. त्यांनी खालची कड मोठी करून पाहिली.

"दुमड कुणी घातली?" त्यांनी विचारलं.

मित्र म्हणाला, थोरलीनं. स्वतःच्या हातानं.

मास्तरांनी फोटो वर सरकवला. धाकटीचा चेहरा पाहिला, मग थोरलीचा पाहिला. तोंड वाकडं केलं नाही. "टाके बरे हायेत," ते म्हणाले, आणि चष्मा परत देताना पुढं म्हणाले, "अजून पाच-सहा वर्सं निघत्याल त्यात."

मला रडू आलं. तेवढ्यात एक बाप पोराला पुढं ढकलत आला आणि म्हणाला, शेठ, वाढतं अंग आहे. मी त्याच्यावर खेकसलो, माहितेय मला, आणि दोन इंच जास्तीचं कापड फाडून दिलं.